डबल बेल

आमचे हे बत्तीस वर्षं बस चालवून निवृत्त झाले, गाडीला साधा ओरखडा नाही. मी त्याच डेपोत कंडक्टर. अकरा वर्षं एकाच गाडीवर ड्युटी केली, लग्न त्यातच जमलं. असल्या माणसाने भाड्याच्या एवढ्याशा गाडीपुढे हात टेकावेत?

टेकले हो! परदेशाची सहल लेकीने ठरवली, गाडीही तिनेच. "बाबा, चालवायची तुम्हीच," निरोप देताना म्हणाली. कारण मला ठाऊक होतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर दोन वर्षं ह्यांनी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. डॉक्टर म्हणाले डोळे ठणठणीत आहेत, पण ह्यांच्या मनाने घेतलं होतं की आपलं संपलं. इथे किल्ली परत गेली असती तर पुन्हा कधीच हातात आली नसती.

काउंटरवरच्या मुलीने किल्ली दिली. हे रुबाबात उजव्या दाराने आत बसले. समोर नुसता खण, स्टिअरिंग डावीकडे! मुलगी काचेतून बघत होती. मी आपली आभाळाकडे बघत राहिले.

मग डावीकडे बसून सीट पुढे, सीट मागे, आरसा वर, आरसा खाली. गाडी कशीबशी फाटकापर्यंत आली आणि थांबली. बाहेर सगळी वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने सुसाट चाललेली. ह्यांनी हँडब्रेक ओढला.

"नको गं. किल्ली देऊन येतो."

"द्या की! बत्तीस वर्षं काय म्हशी हाकल्यात?" माझी जीभ ही अशी. पण हा माणूस घाटात धुक्यातून साठ माणसं घरी पोचवायचा. मी उतरले आणि मागच्या सीटवर जाऊन बसले.

"मागे कशाला?"

"माझी जागा तीच."

रस्ता मोकळा दिसताच मी अंगठीने काचेवर ठोकलं. टक टक. डबल बेल. ह्यांचा पाय आपोआप दबला आणि गाडी रस्त्यावर आली!

आता गंमत ऐका. पहिला बसस्टॉप दिसला आणि ह्यांनी सवयीने गाडी कडेला लावली. तिथे पिशवी घेऊन एक आजी उभी होती. तिला वाटलं, बरी माणसं दिसतात, सोडतायत. दार उघडून बसलीच माझ्या शेजारी! माझा हात तिकिटाच्या नसलेल्या पिशवीकडे गेलासुद्धा.

"अहो, प्रवासी चढला!"

"मग बेल दे की!"

आजी बोटाने वाट दाखवायची, मी ठोकायची. एक टक म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. गोल चौक आला, पार झाला. ह्यांचे खांदे सैल झाले. थोड्या वेळाने पुढून ह्यांची गाडी चालवतानाची शीळ ऐकू आली. दोन वर्षांनी हो! मला रडूच आलं.

आजी घरापाशी उतरली, हात जोडावेत तसं काहीतरी केलं, दार लावलं आणि टपावर बोटाने ठोकलं. टक टक.

एरवी माझी बेल दुसऱ्या कुणी मारली असती तर मी अख्खा डेपो डोक्यावर घेतला असता. त्या दिवशी काचेतून आजीला हात केला.

संध्याकाळी गाडी परत द्यायची होती. काउंटरवरच्या मुलीने किल्लीसाठी हात पुढे केला. ह्यांनी किल्ली खिशात टाकली आणि तिला चार बोटं दाखवली, आणखी चार दिवस.