बाहेरचीचं आमंत्रण

जठारपेठेतल्या त्या छापखान्यात दहा वर्षांत साधनाच्या हाताखालून किती चि. आणि चि.सौ.कां. गेले असतील, ते एक गणपतीच जाणे. प्रत्येक लग्नपत्रिकेच्या माथ्यावर तोच तर बसलेला असे. त्याच्याखाली कलश, त्याच्याखाली मुहूर्त आणि सगळ्यात शेवटी 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!' अशी किलबिल. जिचा हात कागदावर सिंह उभा करू शकतो तिनं जन्मभर कलशच का काढावेत, असा प्रश्न तिला रोज पडायचा. नवऱ्याचा, किशोरचा छापखाना होता, त्यामुळे तो प्रश्न ती मोठ्यानं विचारत नसे.

मग पुण्याच्या एका कंपनीनं स्पर्धा काढली. 'सात वेशी' नावाचा त्यांचा मोबाइलवरचा खेळ पोरांनी डोक्यावर घेतला होता, आणि आता पोरं जमवतात नि आपसांत बदलतात तशी त्याची साठ कार्डं निघणार होती. स्पर्धेत एकच कार्ड करायचं, तेही खलनायिकेचं. ज्याचं कार्ड निवडलं जाईल त्याला साठच्या साठ कार्डांचं काम आणि पुढं कंपनीत नोकरी. साधनानं नियमांचा कागद इतक्यांदा वाचला की घड्यांवर तो फाटला. बारा वाजायच्या आत कार्ड अमरावतीच्या सभागृहात स्वतः आणून द्यायचं, आणि 'चारही कोपरे निर्दोष हवेत, डाग असलेलं कार्ड बाद.'

खलनायिकेला खेळात सगळे 'बाहेरची' म्हणत. राजाच्या घरच्या लग्नाचं आमंत्रण गावातल्या प्रत्येक उंबऱ्याला गेलं आणि हिच्या एकटीच्या उंबऱ्याला गेलं नाही. त्या दिवसापासून ती एकेक वेस पाडत राजवाड्याकडं निघालेली. बाकीचे तिला सुळे आणि शिंगं काढणार हे साधनाला ठाऊक होतं. तिनं काढली नुसती एक बाई, दारात उभी, वाट बघणारी. मागं वेस जळतेय आणि हिचे डोळे मात्र कोरडे.

लग्नपत्रिकेच्याच जाड कागदावर, सोनेरी किनार दाबून, तीन आठवडे तिचं काम चाललं. सासूबाई, पार्वताबाई, समोर बसून लिफाफे लावत सगळं बघत असायच्या.

"कोन हाय वं ही बया?" त्यांनी एकदा विचारलं.

साधनानं गोष्ट सांगितली. पार्वताबाईंचा हात लिफाफ्यावर थांबला. "बस, बलावलं नाई मनून?" एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा लिफाफे लावू लागल्या.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी साधनानं कार्डाची डबी पिशवीत टाकली, अमरावतीची एसटी पकडली आणि मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा, निव्वळ राहवेना म्हणून, डबी उघडली. 

कार्डाच्या चारही कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेलं होतं.

छापखान्याची रीतच होती ती. गठ्ठ्यातल्या पहिल्या पत्रिकेला हळदकुंकू लागल्याशिवाय गठ्ठा दाराबाहेर पडत नसे. पण ही काय लग्नपत्रिका होती? तीन आठवडे ज्या कोपऱ्यांना तिनं नखसुद्धा लागू दिलं नव्हतं, त्यांच्यावर पिवळे-लाल ठिपके! वर मॅट लॅमिनेशन होतं हे नशीब. हळद ताजी आहे तोवर ओल्या फडक्यानं निघते, एकदा बसली की पिवळेपणा जात नाही. साधनानं रुमाल भिजवला आणि दातओठ खात एक कोपरा पुसून काढला. तो स्वच्छ निघाला. मग तिनं घरी फोन लावला, कारण राग काही पुसला जात नव्हता.

फोन पार्वताबाईंनीच उचलला.

"आई, माह्या कार्डाले हळदकुंकू कोनं लावलं?"

"मीनं लावलं, बाई."

"काहून? सारी मेहनत पान्यात गेली ना माही! हे काय लग्नाचं कार्ड हाय?"

"नाई ना. मनूनच तं लावलं." पार्वताबाईंचा आवाज खाली गेला. "लग्नाच्या कार्डाले माहा हात चालत नाई आता. मले वाटलं, हिच्या कार्डाले चालते. तिलेबी कोनी बलावत नाई." मग घाईघाईनं म्हणाल्या, "पुसून टाक वं तू. चुकलं माह्यं."

फोन ठेवला गेला. गाडी सुटली. साधना ओला रुमाल मुठीत धरून बसून राहिली.

दोन वर्षांपूर्वी सासरे, खुशालराव, गेले. त्यानंतर तिसऱ्या महिन्यात एक गिऱ्हाईक बाई पत्रिका न्यायला आली, आणि हळदकुंकवाची डबी पार्वताबाईंच्या हातात बघून म्हणाली, "त्यायले नका लावू देऊ हो, शुभकार्य हाय." तीस वर्षं तो मान पार्वताबाईंचा होता. त्या दिवशी त्यांच्या बोटांतून डबी काढून घेतली होती ती त्या बाईनं नव्हे. साधनानं काढून घेतली होती. अगदी हळू, अगदी आदरानं, गिऱ्हाईक तुटू नये म्हणून. पार्वताबाईंनी लिफाफे पुढं ओढले. आणि ही शहाणी सून तीन आठवडे वाट बघणाऱ्या बाईचा चेहरा रंगवत होती, तोच चेहरा आपल्यासमोर बसलाय हे तिला दिसलं नव्हतं. साधनाला स्वतःची मनस्वी लाज वाटली.

बडनेरा गेलं. तीन कोपरे उरले होते, हळद अजून ओली होती. पुसलं तर नोकरी, सिंह, सगळं काही. सासूबाईंनीच तर पुसायला सांगितलं होतं. रुमाल दोनदा कार्डाजवळ गेला, दोनदा मागं आला.

अमरावतीला उतरली तेव्हा साडेअकरा वाजले होते. सभागृहाकडं जाणारी रिक्षा तिनं मध्येच अंबादेवीच्या देवळाकडं वळवायला लावली. ओटीच्या दुकानातून हळदकुंकवाची पुडी घेतली आणि रस्त्यात उभ्या उभ्याच पुसलेल्या चौथ्या कोपऱ्याला हळद लावली, तिच्यावर कुंकू लावलं. मग ती पळतच रिक्षात जाऊन बसली. बाराला पाच कमी असताना कार्ड टेबलावर पोचलं.

खेळ ज्यांनी रचला ते हेमचंद्र परीक्षक होते. त्यांनी भिंग धरलं, बाईच्या डोळ्यांपाशी बराच वेळ थांबले, मग कोपऱ्यांवर आले आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"अहो, आत्तापर्यंत पाहिलेल्यांत हे सगळ्यात चांगलं कार्ड आहे. पण हे डाग? पुसता येतील का? दहा मिनिटं देतो मी तुम्हाला."

रुमाल अजून ओला होता. "पुसता येते," साधना म्हणाली. "पन मी पुसत नाई."

"का?"

"डाग नाई ते. तिले आमंत्रण हाय."

हेमचंद्रांनी कार्ड खाली ठेवलं, पुन्हा उचललं. "तिला आमंत्रण मिळालं तर ती वेस कशाला पाडेल? आमचा खेळच संपतो की हो." ते हसले, पण हसू ओठांवर राहिलं नाही. "नियम आहे. माझा नाइलाज आहे." आणि तिच्या नावापुढं त्यांनी 'बाद' असं लिहिलं. परतीच्या गाडीत साधना बडनेऱ्यापर्यंत रडली. नोकरी हवीच होती तिला, खोटं कशाला बोला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अचलपूरचे एक गृहस्थ मुलीच्या लग्नाच्या पत्रिका न्यायला आले. गठ्ठा बांधून तयार होता. वरची पत्रिका साधनानं उचलली आणि पार्वताबाईंच्या पुढ्यातले लिफाफे बाजूला सारून तिथं ठेवली. शेजारी डबी ठेवली.

"आई, लावा."

पार्वताबाईंनी तिच्याकडं बघितलं, मग गिऱ्हाइकाकडं. हात पदराखाली गेले. "नाई वं. लोकायचं शुभकार्य हाय."

"आमच्या इथं ह्याच लावतात," साधना त्या गृहस्थांकडं वळून म्हणाली. आवाज चढला होता. किशोर मशीन बंद करून दारात येऊन उभा राहिला. गृहस्थांची नजर पार्वताबाईंच्या मोकळ्या कपाळावर गेली. तिथून ती हलेचना. आता हा गठ्ठा इथंच टाकून जातो हा माणूस, असं साधनाच्या मनात आलं. गेला तर जाऊ दे, असंही आलं.

त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. "मंग लावा ना माय लवकर. अचलपूरची गाडी निघून जाईन ना माही!"

पार्वताबाईंनी डबी उघडली. हात इतका कापत होता की पहिल्या कोपऱ्यावर कुंकू बोटभर पसरलं. साधनानं ते पुसलं नाही.