सरदाराचं फडकं

आमच्या बोकडाचं नाव सरदार. छावणीच्या बाजारातून आणला तेव्हा पिशवीत मावत होता. आता दारात उभा राहिला की पाहुणे बाहेरूनच हाक मारतात. त्याला सांभाळण्यात एकच मेख आहे. वर्षातले बरेचसे महिने त्याच्या पोटाखाली फडकं बांधून ठेवावं लागतं. जाड कापडाचा हातभर तुकडा, पोटाखालून घ्यायचा आणि पाठीवर घट्ट गाठी मारायच्या. मग तो कळपात खुशाल हिंडतो, शेळ्यांना हुंगतो, ओठ वर करून ऐट दाखवतो, पण त्याचं पुढं काही चालत नाही. ज्येष्ठात फडकं सोडलं की शेळ्या दिवाळीच्या सुमाराला वितात. तेव्हा रानात पाला असतो, आयांना दूध येतं, करडं जगतात. हा पाच महिन्यांचा हिशेब माझ्या आईला तोंडपाठ होता, आणि तिला घड्याळसुद्धा कळत नव्हतं.

ते फडकं आमच्या सुनेनं धुतलं.

सुनेचं नाव चतुरा. आजीचं नाव ठेवलेलं. रांगती असतानाच तिची आई गेली, मग गारखेड्याला मावशीनं वाढवलं. लग्नात मावशीनं कपाट दिलं, मिक्सर दिला, काही कमी केलं नाही. पोरगी कामाला वाघ, तोंडानं गरीब. पण स्वच्छतेचं भारी वेड. उंबरा धुवायची, बादलीचं बूड घासायची. एकदा आमच्या यांची तंबाखूची पिशवी धुतली, तर हे दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. यांचं नाव काकासाहेब. लिहिताना घेते, तोंडानं घेत नाही.

मार्गशीर्षात मी सिल्लोडला गेले होते, भाचीच्या बाळंतपणाला. पंधरवड्यानं परत आले आणि फाटकातच थबकले. समोर सरदार उभा. फडकं पांढरंशुभ्र, कडेनं टाके घातलेले, आणि ते पोळ्याच्या बैलाला झूल घालावी तसं पाठीवर पसरून गळ्याशी बांधलेलं!

"हे काय गं?" मी ओरडले.

"थंडी लई पडली होती, आत्याबाई," चतुरा म्हणाली. "त्याचं पांघरूण पोटाखाली घसरलं होतं. वासही मारत होता. मी धुतलं आणि नीट वर बांधलं."

मी यांच्याकडं वळले. "आन् तुमचे डोळे कुठं गेले व्हते?"

"मला वाटलं तूच सांगून गेली असशील," हे म्हणाले. "आन् खरं सांगू का, शोभत बी व्हतं त्याला."

शेजारची दगडाबाई कुंपणावरून सगळं ऐकत होती. "नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा," एवढं म्हणून ती जी हसत सुटली ती गल्लीच्या टोकापर्यंत. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. येणारा जाणारा विचारायचा, सरदाराला स्वेटर कधी विणताय?

मला हसू येत नव्हतं. माझा जीव चंद्रीत अडकला होता.

आमच्या माहेराकडं लेक सासरी निघाली की आई तिला एक पाठ देते. पाठ म्हणजे शेळीचं मादी करडू. बाकीच्या आंदणावर सासरचे हक्क सांगतात, पण त्या पाठीवर आणि तिच्या वंशावर फक्त लेकीचा हक्क. माझ्या आईनं, पुतळाबाईनं, काळी कुळकुळीत, कपाळावर पांढरा टिळा असलेली पाठ माझ्या हातात दिली होती. आई जाऊन किती वर्षं झाली, पण तिच्या शेळीच्या लेकी-नाती माझ्या दारात राहिल्या. त्यांतली शेवटची ही चंद्री. तिच्या दोन पाठी रोगानं गेल्या, पुढं नुसते बोकडच झाले. आता दात झिजले होते, चाल मंदावली होती. ज्येष्ठापर्यंत तिला आराम द्यायचा, दिवाळीत शेवटचं एक वेत घ्यायचं आणि देवाकडं पाठ मागायची, असं मी ठरवलं होतं. पाठ झाली नाही तर आईचं माझ्या दारातलं नाव संपणार होतं.

आणि या झुलीच्या पंधरवड्यात चंद्रीही गाभण राहिली. आता ती विणार वैशाखात. तेव्हा आमच्याकडं बांधावर हिरवी काडी नसते, विहिरीचा तळ दिसतो, कावळेसुद्धा चोची उघड्या टाकून बसतात. धडधाकट शेळीचे हाल होतात, तिथं म्हातारीचं काय?

मी चतुराशी बोलणं सोडलं. माझा आरडाओरडा घरात कुणी मनावर घेत नाही, पण माझा अबोला यांनाही झेपत नाही.

ती रडत बसली नाही. तुरी झोडल्या तसं खळ्यावरचं भुसकट पोत्यांत भरून तिनं आढ्यापर्यंत रचलं. चैत्रात ओढ्याकाठी जाऊन बाभळीच्या शेंगा वेचायला लागली. हात काट्यांनी ओरबाडलेले, डोईवर शेंगांचं गाठोडं. शेळ्या त्या शेंगांसाठी जीव टाकतात, हे तिला दगडाबाईनं सांगितलं होतं. गोठ्याच्या पश्चिमेला गोणपाटाचे पडदे शिवून लावले, दुपारी त्यांच्यावर पाणी मारायची. ते पाणीही उधळपट्टीचं नाही, भांडी विसळलेलं. मी ओट्यावरून बघायची आणि मनात म्हणायची, कर, कर, निस्तर आता. पण चंद्रीच्या पुढ्यातली पाटी कधी रिकामी दिसली नाही, हेही बघत होते.

वैशाखातल्या एका दुपारी चंद्री खाली बसली. मी तिचं डोकं धरलं, चतुरा मागं बसली. बराच वेळ म्हातारी कण्हत राहिली. शेवटी पुढचे दोन पाय दिसले, त्यांवर नाक. चतुरानं कळेच्या तालात हळूहळू ओढलं आणि करडू बाहेर आलं. काळं कुळकुळीत. कपाळावर टिळा.

"पाठ हाय!" मी ओरडले. "पाठ हाय गं माय!"

चंद्रीनं मान वळवून पिलाला एकदा चाटलं, दुसऱ्यांदा चाटलं आणि डोकं परत माझ्या मांडीवर टाकलं. कासेला थेंब नव्हता. यांनी गूळपाणी आणलं, ते ओठांवरून खाली आलं. उन्हं कलायच्या आत तिनं जीव सोडला. आई गेली तेव्हा मी पोचले नव्हते. त्या दिवसाचं राहिलेलं रडणंही मी तिथं रडून घेतलं. आणि रडता रडता चतुराला बोलले, "झालं मनासारखं?" इतक्या महिन्यांनी तोंड उघडलं ते यासाठी.

चंद्रीचं करडू उचलून चतुरा उठली. ओलं, चिकट, मातीनं बरबटलेलं. ती पाण्याच्या बादलीकडं वळलेली दिसली. दुसऱ्या शेळीच्या अंगावर पाजायचं तर तिच्या नाकाला फसवावं लागतं. शेळी आपलं लेकरू वासावरून ओळखते. धुतलेलं पिलू कोणती शेळी घेणार?

"धुऊ नको त्याला!"

"धूत नाय, आत्याबाई," ती म्हणाली. बादली ओलांडून ती कोपऱ्यात गेली.

कोपऱ्यात आमची दुसरी शेळी, कबरी, कळा देत होती. सगळ्यांचे दिवस एकदमच भरलेले, झुलीचीच कृपा! चतुरा तिच्या मागं शेणात फतकल मारून बसली. कबरीचं पिलू बाहेर पडलं, तसं तिनं त्याच्या अंगावरचं पाणी, बुळबुळ, सगळं आपल्या पदरात घेतलं. मावशीनं दिलेलं पिवळं लुगडं होतं, एरवी त्याला हळदीचा डाग लागू द्यायची नाही. तो पदर तिनं चंद्रीच्या पिलाच्या डोक्यापासून शेपटीपर्यंत चोळला, पुन्हा पुन्हा चोळला, आणि दोन्ही पिलं कबरीच्या तोंडाशी सरकवली.

कबरीनं आपलं पिलू हुंगलं. मग दुसरं हुंगलं. परत पहिलं. हे श्वास रोखून उभे, मी डोळे पुसायचे विसरलेली. कबरीनं जीभ काढली आणि पोरक्या पिलाचं कपाळ चाटायला लागली. चतुरानं त्याचं तोंड कासेला लावलं. शेपटी हलायला लागली तेव्हा कुठं तिचे खांदे खाली आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कबरीनं त्या पिलाला लाथ मारली. मला काही सुधरेना. चतुरानं आपले हात हुंगले आणि कपाळावर हात मारून घेतला. आंघोळ करून, वासाचा साबण लावून तिनं पिलू उचललं होतं. ती तशीच गेली, कालचं न धुतलेलं लुगडं घेऊन आली आणि पिलाला त्यात परत घोळसलं. कबरीनं घेतलं. त्या दिवसापासून मृग लागेपर्यंत चतुरानं साबणाला हात लावला नाही.

"गारखेड्याची सून सरदारासारखी घमघमू लागली की!" दगडाबाई नाकाला पदर लावून म्हणाली.

"घमघमू दे," मी म्हणाले. "तुझ्या सुनेला येतो का असा वास?"

चतुरा खळखळून हसली. मीही हसले. अबोला तिथंच संपला, कुणी मुद्दाम संपवायची गरज पडली नाही. त्या उन्हाळ्यात आमचं एक करडू उष्म्यानं गेलं, खोटं का बोलू? पण बाकीची निभावली. बाभळीच्या शेंगांनी आणि ओल्या गोणपाटांनी निभावली. चंद्रीच्या पाठीचं नाव चतुरानं चांदणी ठेवलं.

परत मार्गशीर्ष आला. भाचीच्या लेकराचं जावळ होतं, मला सिल्लोडला निघायचं होतं. सरदाराचं भादव्यात बांधलेलं फडकं विटून गेलं होतं म्हणून मी नवं शिवलं. गोठ्यात गेले आणि ते चतुराच्या हातात दिलं.

"बांध," मी म्हणाले. "कुठं बांधायचं ते ठाव हाय ना?"

ती लाजली. जुनं सोडून हातात घेतलं, नवं पोटाखालून ओढलं आणि अशा गाठी मारल्या की सरदारानं माझ्याकडं तक्रारीनं बघितलं. मी गाठी ओढून पाहिल्या नाहीत.

चांदणी तिच्या पायांत घोटाळत होती. मी तिला कानाला धरून पुढं ओढलं.

"आन् ही आजपासून तुझी. हिला होईल ती पाठ बी तुझी. कुणी मागितली तर द्यायची नाय, मी मागितली तरी नाय."

"पण आत्याबाई," ती म्हणाली, "पाठ तर आईनं द्यायची असती ना?"

"मग मी कोण हाय?"

खाली मान घालून तिनं हातात होतं त्यानं डोळे पुसले, नाक पुसलं, परत डोळे पुसले. हातात सरदाराचं जुनं फडकं होतं. त्याचा वास पार वेशीपर्यंत जातो. तिच्या ते ध्यानातही आलं नाही, आणि मीही तिला सांगितलं नाही.