न मरणारी तलवार

मातुच्या तलवारीवर आंबलेली जवाची दारू चोळली, की पात्यात नागमोडी रेघांचे साप वळवळायचे. लोखंडाच्या आणि पोलादाच्या कांबी घ्यायच्या, एक उजवीकडे पिळायची, एक डावीकडे, मग ठोकून एकजीव करायच्या. ब्रिक्कोला हे सगळं ठाऊक होतं. थोरला भाऊ होता तो. मातुला हातोडा धरायलाही त्यानंच शिकवलेलं. पण त्यानं पिळलं, की पात्यावर नुसता चिखल दिसायचा. सरदार सेगोमारनं कमरेला लावली ती मातुची तलवार. ब्रिक्कोची साधी, बिनसापाची तलवार भिंतीवर टांगली. तेव्हापासून ब्रिक्कोच्या पोटात जे दुखायला लागलं, त्याला कुठलाच काढा लागू पडेना.

सेगोमार तापानं गेला आणि ब्रिक्कोला बरं वाटलं. कशाला लपवायचं! रीत अशी, की मेलेल्या माणसाबरोबर त्याची तलवारही मारून तळ्यात सोडायची, आणि मारायची ती दुसऱ्या लोहारानं. बापानं आपलं लेकरू मारू नये. गावात दुसरा लोहार तोच. तलवार तापवायची, दुमडायची, की ती मेली. दुमडताना तुटली, तर मात्र घडवणाऱ्याची अब्रू गेली. पुन्हा त्याच्याकडे कुणी खिळाही मागायचं नाही.

तळ्याकाठी सगळं गाव जमलं होतं. भट्टी पेटवून ठेवलेली होती. ब्रिक्कोनं तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"दादा, तापवून घे ना," मातु म्हणाला.

"का रे? कच्ची आहे म्हणून भीती वाटतेय?"

"कच्ची नाहीये. म्हणून तर सांगतोय."

ब्रिक्कोनं टोक दगडाच्या फटीत खोचलं आणि सगळं अंग टाकून पातं वाकवलं. अजून वाकवलं. आता तुटेल. तूट, मेले! तेवढ्यात घामानं हात निसटला आणि तलवार सण्णकन सरळ झाली. ना कुठं बाक, ना चीर.

सरदाराची विधवा बनोना पुढं आली, तिनं पातं निरखून पाहिलं.

"जायचं नाही म्हणतेय ती. राहू दे, माझ्या लेकाच्या कमरेला शोभेल." मग ती ब्रिक्कोकडे वळली. "पण धनी रिकाम्या हातानं कसे जातील? भिंतीवरची आणा."

भिंतीवरची म्हणजे ब्रिक्कोची. उभ्या जन्मात त्याला मनासारखी साधलेली ती एकच. आणि आता ती मारायची मातुनं.

मातुनं ती भट्टीत धरली, लालबुंद होईस्तोवर भाता चालवला, आणि झोपलेल्या लेकराला कुशीवर वळवावं तशी अलगद दुमडली. मुठीजवळचा एक सांधा कच्चा राहिला होता. थंड दुमडली असती, तर तिथंच तुटली असती. हे दोघा भावांनाच ठाऊक होतं. गावाला काही कळलं नाही.

"चांगली घडवली होतीस, दादा," मातु हळूच म्हणाला.

ब्रिक्कोनं तळ्याकडे तोंड फिरवलं. या मेल्यानं तोडली असती, तर जन्मभर त्याचा द्वेष तरी करता आला असता.