सव्वादोन फूट

सही करणार नाही म्हणजे नाही. नियोजन कार्यालयातल्या साहेबाला हे मी तीनदा सांगितलं. पहिल्यांदा गोडीत, दुसऱ्यांदा साध्या आवाजात आणि तिसऱ्यांदा असं, की पलीकडच्या टेबलावरची बाई टायपिंग थांबवून माझ्याकडे बघायला लागली.

शहराबाहेर मोठं सामायिक मालकेंद्र होणार होतं. सगळ्या वाहतूकदारांनी एका छपराखाली माल आणायचा, एकमेकांच्या गाड्यांत वाटून भरायचा, अर्धी रिकामी गाडी शहरात फिरवायची नाही. त्यासाठी आमची गल्ली रिकामी करून आम्हाला तिथे हलवायचं होतं. तेवीस गाळे, तेवीस छोटे टेम्पो. बावीस गाळ्यांच्या सह्या झाल्या होत्या. तेविसावा गाळा माझा आणि माझ्या दिराचा. दोघांपैकी एकाची सही झाली, की महिनाअखेर गल्लीला कुलूप.

“मॅडम, काळ बदललाय. माल वाटून न्यायला शिका,” साहेब म्हणाला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अहो, माझ्या गाळ्याच्या दाराशी काळी फळी आहे. आमचे हे होते तेव्हा त्यांनीच ठोकलेली. रोज सकाळी जो तो आपल्या गाडीतली रिकामी जागा त्यावर खडूने लिहितो: अर्धी गाडी, पूर्वेकडे. पाव गाडी, स्टेशनमागे. ज्याचा माल त्या बाजूचा, तो त्यात टाकतो आणि ती ओळ पुसतो. सोळा वर्षं हेच चाललंय. आणि हा दोन दिवसांचा शहाणा मला वाटून न्यायला शिकवतोय!

“तुमच्या गल्लीत सहाच गाड्या आहेत,” तो कागद बघून म्हणाला. “मोजणी झालीय.”

“किती वाजता केलीत मोजणी?”

“अकरा ते बारा.”

मी कपाळावर हात मारून घेतला. आमच्या गाड्या सातला बाहेर पडतात त्या दोनला परततात. अकरा वाजता गल्लीत राहतात त्या फक्त बिघडलेल्या. म्हणजे या लोकांनी आमच्या सहा आजारी गाड्या मोजल्या आणि त्यावर अख्खं केंद्र आखलं.

मग मी नकाशा पुढे ओढला. माल चढवायच्या जागेला ते डॉक म्हणतात, आम्ही ओटा म्हणतो. चाळीस ओटे काढले होते, एकसारखे.

“उंची किती?”

“चार फूट. मोठ्या ट्रकला तेवढीच लागते.”

“माझ्या टेम्पोचा तळ जमिनीपासून सव्वादोन फुटांवर आहे. मधले पावणेदोन फूट माल कोण उतरवणार? तुम्ही?”

“त्याची सोय पुढच्या टप्प्यात होईल. तीनेक वर्षांत.”

“म्हणजे तीन वर्षं आम्ही वाऱ्यावर.”

तो घड्याळ बघायला लागला. मी उठले. “उद्या सकाळी सहाला गल्लीत या. सहा म्हणजे सहा. अकराला आलात तर परत आजारी गाड्याच दिसतील.”

घरी आल्यावर भाऊजींना सगळं सांगितलं. भाऊजी म्हणजे माझे दीर. माणूस देवभोळा नाही, पण साहेबभोळा आहे. ऑफिसातून फोन आला तरी उभं राहून बोलतात. नऊ वर्षांपूर्वी एका कारखान्यात माल उतरवताना त्यांची कंबर गेली, तेव्हापासून सदऱ्याच्या आत रुंद पट्टा बांधतात. पट्ट्याशिवाय त्यांना मी बघितलेलं नाही.

“वहिनी, साहेब म्हणत होते की मला त्या केंद्रात खिडकीत बसायचं काम देतील,” ते हळूच म्हणाले. “खुर्ची. पंखा.”

 माणसाने किती वर्षं पोती उचलायची? खुर्ची मागितली तर चुकलं काय? पण त्या एका खुर्चीपायी तेवीस घरं उठणार होती, आणि हे त्यांच्या तोंडावर बोलायची माझी जीभ होईना.

सकाळी साडेपाचला आम्ही माल ठेवायचे लाकडी पॅलेट एकावर एक रचून ओटा केला. टेपने मोजून चार फूट, एक बोटही कमी नाही. वर सत्तर किलोचं कपडे धुवायचं मशीन चढवलं, खोक्यासकट. आमच्या गल्लीत काटकोन नावाचा गाळेवाला आहे, टेम्पो स्वतःच चालवतो. कुठेही गाडी काटकोनात वळवतो म्हणून ते नाव, खरं नाव त्याच्या बायकोलाच माहीत असेल. त्याने टेम्पो मागे घेऊन ओट्याला बरोबर टेकवला.

साहेब सहा वाजून दहा मिनिटांनी आला. गल्ली तुडुंब भरलेली. तेवीस टेम्पो, फळीपुढे गर्दी, खडूसाठी मारामारी. तो बघतच राहिला.

“हे मशीन टेम्पोत उतरवा,” मी म्हटलं.

“हमाल कुठेय?”

“तुमच्या नकाशात प्रत्येक ओट्यावर एकच माणूस काढलाय. म्हणून एकट्यानेच चढा.”

लोक फिदीफिदी हसायला लागले. साहेब तसा पोरगाच, इरेला पेटला आणि चढला, हे त्याचं मानलं पाहिजे. खोकं कडेपर्यंत ढकललं, तिरकं केलं, आणि ते सुटायला लागल्यावर ओरडला, “अरे पकडा! पकडा!” काटकोनने खालून खांदा दिला म्हणून मशीन वाचलं आणि साहेबाचे पायही वाचले.

खाली उतरला तेव्हा त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. माझ्याकडे बघेना. बॅगेतून संमतीचा फॉर्म काढला, टेम्पोच्या फाळक्यावर ठेवला आणि सरळ भाऊजींपुढे पेन धरलं.

“काका, तुम्ही तरी समजूतदार आहात. तुमच्या खुर्चीचं मी बोललोय.”

भाऊजींनी पेन घेतलं. 

“भाऊजी, गाळा तुमचाही आहे,” मी म्हटलं. आवाज कापत होता, कापू दे. “मी हात धरणार नाही. पण मला राग येईल, आणि तो आयुष्यभर जाणार नाही.”

त्यांनी पेन खिशाला लावलं, साहेबाचं होतं तरी. मग सदरा वर केला आणि पट्ट्याची चिकटपट्टी करकर ओढून सोडली.  त्यांनी पट्टा फॉर्मवर ठेवला. घामाने काळा पडलेला, कडेचे दोरे निघालेला.

“साहेब, हा मला चार फुटांवर मिळाला,” ते म्हणाले. “असाच ओटा होता, खाली अशीच छोटी गाडी. मशीन नव्हतं, लोखंडी कपाट होतं. हा माप म्हणून घेऊन जा आणि असे आणखी बावीस शिवून घ्या. या गल्लीत गाड्या तेवीस आहेत.”

पट्ट्याशिवाय ते जरा वाकडे उभे होते. पण नऊ वर्षांत त्यांना मी साहेबाच्या डोळ्यात बघून बोलताना पहिल्यांदा पाहिलं. माझे डोळे भरून आले, आणि मी ते पुसलेही नाहीत.

“साहेब, माझा सही केलेला फॉर्म परत द्या,” काटकोन म्हणाला. मागून आणखी कुणी म्हणालं, “माझाही.” मग कोण कोण म्हणालं ते कळेना.

साहेबाने पट्ट्याला हात लावला नाही.  मग हळू आवाजात विचारलं, “टेप आहे का?”

चाळीस ओटे आखले आणि टेप जवळ नाही! पण मी टेप दिली. तो वाकला, टेम्पोचा तळ मोजला, वहीत लिहिलं. सव्वादोन. पुढचा टेम्पो, सव्वादोन. असा तेवीस वेळा वाकून तो गल्लीच्या टोकाला गेला, आणि परत आला तेव्हा एक हात कमरेवर होता.

“नवीन नकाशा आणला तर सही कराल?”

“नकाशावर नाही,” मी म्हटलं. “आधी ओटा बांधा. दाराशी आमची फळी लावा. मग त्या ओट्यावरून भाऊजी पट्टा न बांधता एक खोकं गाडीत ठेवतील. त्याच दिवशी, त्याच खोक्यावर कागद ठेवून सही करीन.”

भाऊजींनी पट्टा उचलून परत बांधला. मी फळीकडे वळले. सात वाजत आले होते आणि पूर्वेकडे अर्धी गाडी अजून रिकामी होती.