पाठीवरचा पत्ता

मी एक नापास सॅक बोलतेय. नापास हा शब्द माझा नाही. माझ्या उजव्या पट्ट्यावर लाल स्टिकर चिकटवून तो मला देण्यात आला.

नोएडातल्या एका एक्स्पोर्ट कारखान्यात माझा जन्म झाला. कालपरवापर्यंत जिथे गव्हाची शेतं होती, तिथे पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या होत्या आणि प्रत्येक शेडला परदेशी ऑर्डरची घाई होती. माझा उजवा पट्टा शिवताना मशीनच्या बॉबिनमधला दोरा संपला आणि बोटभर शिवण नुसती वरच्या दोऱ्यावर राहिली. तपासणाऱ्या बाईंनी पट्टा ओढला, शिवण उसवली, स्टिकर लागला. माझ्यावरचं कंपनीचं नाव ब्लेडने कापून टाकलं. माझ्या बहिणी जहाजाने गेल्या. मी गेले दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या बाजारातल्या ढिगात.

तेव्हापासून एकच धाकधूक मला लागून राहिली. कुणी माझ्यावर भरवसा ठेवला आणि ऐन वेळी माझा उजवा पट्टा सुटला तर?

२००४ सालच्या मार्चमध्ये मृणाल देवस्थळीने मला उचललं. मागे तिची आई, शालिनी.

"एक्स्पोर्ट का माल है, दीदी," दुकानदार म्हणाला. "बाहर जाते-जाते रह गया।"

"आता जाईल," मृणाल म्हणाली.

"अगं, शिवण बघ. हात लावला तर दोरा हातात येतोय."

"मग तू शिवून दे ना, आई. प्लीज यार!"

शालिनीताईंनी गोधडीच्या जाड दोऱ्याने तो पट्टा शिवला. चार वेळा शिवला. शिवताना ओठ घट्ट मिटलेले होते, कारण त्यांच्या पोटात एक गुपित होतं.

मृणाल गुडगावच्या एका कॉल सेंटरमध्ये होती. काचेच्या इमारतीत बसून, खोटं इंग्रजी नाव सांगून, ब्रिटनमधल्या लोकांच्या वीजबिलांच्या तक्रारी ऐकायची. तिला त्या खोट्या नावाचा वीट आला होता. त्या देशात दोन वर्षं फिरत काम करता येईल असा व्हिसा तिने मिळवला आणि स्कॉटलंडच्या डोंगरातल्या एका हॉस्टेलमध्ये कामही मिळवलं. खाटा आवरायच्या, भांडी घासायची, सुट्टीला डोंगर चढायचे. आईला तिने हे सांगितलं. बाबांना सांगितलं, लंडनला ऑफिसात नोकरी आहे. खोट्या नावाला कंटाळून निघालेली मुलगी खोटा पत्ता सांगून निघाली, हे मला तेव्हाच खटकलं होतं.

बाबा, म्हणजे अशोकराव, दिल्लीत केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात नोकरीला. बदल्यांच्या काळात घरातल्या प्रत्येक ट्रंकेवर त्यांनी पांढऱ्या ऑइलपेंटने नाव-पत्ता लिहिलेला. मला तरी कसं सोडतील?

"लंडनच्या ऑफिसात हे गाठोडं कशाला?" ते म्हणाले, पण ब्रश घेऊन बसलेच. माझ्या पाठीवर ठळक इंग्रजी अक्षरांत त्यांनी मुलीचं नाव, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरचा नंबर, पिनकोड आणि देशाच्या कोडसकट फोन नंबर लिहिला.

"बाबा! सगळे हसतील मला."

"हसू देत. हरवलीस तर परत पाठवतील."

हॉस्टेलवर सगळे हसलेच. पण मृणाल तिथे फुलली. ओल्या बुटांच्या वासाने भरलेली कपडे वाळवायची खोली, करपलेली पातेली, रोज नवे पाहुणे. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला ती दारातल्या वहीत वाट लिहायला लावायची. "लिहिलं नाहीत तर शोधायचं कुठे?" असं दटावायची.

फक्त रविवार आला की तिचा जीव खालीवर व्हायचा. रविवारी दुपारी घरी फोन करायचा असे. हॉस्टेलच्या फोनवर मागे भांडी आपटत, गिर्यारोहक ओरडत. म्हणून ती डोंगराच्या धारेपलीकडच्या गावातल्या फोनबूथवर जायची.

"एवढा वारा कसला गं?" बाबा विचारत.

"ट्रॅफिक आहे, बाबा."

मी तिच्या पाठीवर हे ऐकायचे आणि माझा उजवा पट्टा मला आणखीच कच्चा वाटायचा.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी भांडी आवरायला उशीर झाला. फोनची वेळ चुकली तर बाबा लंडनच्या ऑफिसचा नंबर मागतील, या भीतीने ती वहीत काही न लिहिताच धावत निघाली आणि जवळची वाट म्हणून थेट धारेवर चढली. वर धुकं होतं. सुट्या दगडांच्या उतारावर तिचा पाय घसरला, तिने हात टेकले, आणि पट्टा तुटला.

डावा. पास झालेला!

मी गडगडत खाली गेले. वरून दोनदा तिची हाक आली, मग धुक्याने तीही गिळली. नकाशा माझ्या वरच्या कप्प्यात होता, आणि ती वर होती.

दोन फिरस्त्यांना मी सापडले. गाडीत घालून त्यांनी मला दूरच्या गावच्या पोलीस चौकीत नेलं. हवालदाराने मला टेबलावर पालथं घातलं, पांढरी अक्षरं वाचली आणि नंबर फिरवला. ट्रंककॉलच्या जमान्यातले अशोकराव फोनवर ओरडूनच बोलत, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"हं, मृणाल! आज केवढा उशीर!"

हवालदार बोलला. मग अशोकरावांचं सरकारी इंग्रजी सुरू झालं. काहीतरी गैरसमज आहे, माझी मुलगी लंडनमध्ये आहे, तिथे डोंगर नाहीत. हवालदार रिसीव्हर ठेवणार, इतक्यात मराठी ऐकू आलं.

"अहो, द्या इकडे. ती लंडनला नाही."

"काय?"

"नंतर ओरडा माझ्यावर. आधी फोन द्या!"

शालिनीताईंनी मोडक्या इंग्रजीत हॉस्टेलचं नाव सांगितलं, एकेक अक्षर सुटं करून. ते नाव आणि मी सापडले ती जागा जुळवल्यावर हवालदाराला तिची वाट कळली. तासाभरात माणसं दोन्ही बाजूंनी धारेवर चढली. तो तास मी टेबलावर कसा काढला, ते सांगता येणार नाही.

मृणाल एका खडकाच्या आडोशाला सापडली. घोटा सुजलेला, ओठ निळे. चौकीत आणल्यावर तिने आधी घरी फोन लावला.

"बाबा, सॉरी."

मग पहिल्यांदाच अशोकराव हळू बोलले. "तिथे वारा आहे?"

"हो, बाबा. खूप आहे."

"बरं." आणि त्यांनी फोन आईकडे दिला.

त्याला दोन वर्षं झाली. देवस्थळी आता नोएडात राहतात, नवव्या मजल्यावर, माझा कारखाना होता तिथून फार लांब नाही. मृणाल परत आली, तेव्हापासून मी माळ्यावर होते. बापलेक बोलत, पण डोंगराचा विषय निघाला की टीव्ही मोठा होई.

आज सकाळी मला खाली काढलं. मृणाल पुन्हा निघाली आहे. आईने डावा पट्टाही गोधडीच्या दोऱ्याने शिवला. मी बाल्कनीत वर्तमानपत्रावर पालथी पडले आहे. अशोकरावांनी जुना पत्ता खोडून नोएडाचा लिहिला. मग खाली आणखी एक शब्द लिहिला, 'मुक्काम', आणि ब्रश थांबवला.

"बोल. काय लिहू?"

मृणालने आईकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतेस?" शालिनीताई म्हणाल्या. "मी आता फक्त शिवणार."

तुम्ही मुलांच्या बॅगा भरता ना? त्यांना कुठे जायचंय ते एकदा नीट विचारा, आणि उत्तर ऐकायला घाबरू नका. आणि निघणाऱ्यांनो, माझ्यात हवं ते भरा, मी पेलीन. फक्त खोटा पत्ता नको. त्याचं वजन मला झेपत नाही.

ब्रशच्या टोकाला थेंब जमलाय. आता पडेल.

"बाबा," मृणाल म्हणाली, "तीन ओळी लागतील. हॉस्टेल, दरी आणि देश. जागा आहे?"

"आहे. सावकाश सांग."

मी पाठ ताठ केली.