कापायची नाहीत ती पन्नास सेकंदं

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर अमेरिकेतल्या जॉर्जियात चला. सप्टेंबरातली दुपार, चारचा सुमार. पीचच्या बागेलगतच्या मैदानात हजारभर माणसं बसली आहेत. कुणी पुठ्ठ्याच्या पंख्याने वारा घेतंय, कुणी उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा सोलतंय. मंचावर हार्लन सग्ज गिटार वाजवतोय. याचीच रेकॉर्ड निघणार आहे, म्हणून बाजूच्या गाडीत कंपनीची माणसं सगळं टेपवर उतरवून घेताहेत. हार्लनची दहा वर्षांची मुलगी ट्वायला आजोबांशेजारी बसली आहे. दिसतंय ना?

आणि ऐन गाण्यात मंचावरची वीज गेली.

गिटार मुकी झाली. दोघे ड्रमवाले मात्र थांबले नाहीत. मैदानाने टाळ्यांनी ताल धरला. हार्लनही वाजवतच राहिला, ऐकू येवो न येवो. तेवढ्यात आजोबा खुर्चीवर चढले. गिटार म्हणजे सैतानाची पेटी म्हणत या माणसाने अकरा वर्षं मुलाशी धड बोलणं टाकलं होतं. आजही आला होता तो नातीच्या हट्टापायी. तोच आता हात वर करून ओरडत होता, "थांबू नकोस रे पोरा! वाजव!"

वीज परतली तेव्हा हार्लन एका मात्रेनेही मागे नव्हता.

रेकॉर्डिंगच्या गाडीत वेगळा जनरेटर होता, त्यामुळे टेपवर यातलं सगळं आलं.

तीन आठवड्यांनी मेकन शहरातल्या स्टुडिओत कंपनीचे मिस्टर क्रॉली ती टेप ऐकत होते. ऐकून त्यांनी ती परत गुंडाळली.

"ही मधली पन्नास सेकंदं उडवू," ते म्हणाले. "लोक गिटार ऐकायला पैसे मोजतात, टाळ्या नाही."

"टाळ्या राहतील, साहेब," हार्लन म्हणाला. "गिटार बंद पडली तेव्हा गाणं त्या लोकांनीच तोलून धरलं होतं."

"आणि तो म्हातारा? केवढा बोंबलतोय!"

"तो माझा बाप आहे. त्याला उडवायचं असेल तर रेकॉर्डवरचं माझं नावही उडवा."

क्रॉली हसले. "करार वाचलास का, हार्लन? कुठे कापायचं ते कंपनी ठरवते. सही तुझीच आहे."

सही खरंच हार्लनची होती.

ट्वायला कोपऱ्यातल्या स्टुलावरून उतरली. "डॅडी, आजोबांचं ओरडणं दुसऱ्या कुठल्या टेपवर आहे?"

"नाही गं बाळा. एवढंच आहे."

"मग ते परत ओरडतील?"

"अकरा वर्षांत एकदा ओरडलाय तो," हार्लन म्हणाला. "तूच कर हिशोब."

क्रॉली टेप कापायचं ब्लेड काढायला खणाकडे वळले. तेवढ्यात ट्वायला यंत्राजवळ गेली. टेपचं ते ताटाएवढं चाक तिने दोन्ही हातांनी उचललं, पोटाशी घट्ट धरलं आणि खोलीच्या मधोमध फरशीवर मांडी घालून बसली.

"मी कुठल्याच करारावर सही केलेली नाही, साहेब," ती म्हणाली आणि चाकावर हनुवटी टेकवून त्यांच्याकडे बघत राहिली.