तेविसाव्या भागातला श्वास

पाकोळी श्वास रोखून धरते तेवढा वेळच उडू शकते. श्वास सुटला की खाली येते.

आईच्या रिमोटवरचं आवाजाचं बटण गळून पडलंय. त्या भोकात ती पेन्सिल खुपसते.

तोंडं एकूण नऊ. उघडं, अर्धवट उघडं, मिटलेलं, दात दिसणारं, वगैरे. जगातलं काहीही बोलायला नऊ तोंडं पुरतात.

निळी पट्टी कच्च्या आवाजाची, हिरवी पक्क्या आवाजाची.

धाकट्या बहिणीची पाण्याची बाटली मी झाकणाच्या आवाजावरून ओळखते.

मी कुणावर जळत नाही. हे वाक्य तीनदा खोडलं, मग राहू दिलं.

आता सरळ सांगते.

मी कार्टून बनवणाऱ्या स्टुडिओत काम करते. ‘पाकोळी’ ही आमची मालिका, दर रविवारी सकाळी दहाला लागते. पाकोळीचा आवाज धाकटीचा, तोंड माझं. म्हणजे ती काचेच्या खोलीत उभी राहून बोलते, आणि दोन भिंतींपलीकडे बसून मी तिच्या प्रत्येक शब्दाला नऊपैकी एक तोंड लावते. लोक तिच्याकडे सह्या मागतात. माझ्याकडे कुणी तोंडं मागत नाही.

धाकटीची तारीख मिळेपर्यंत काम अडू नये म्हणून सगळे संवाद आधी स्टुडिओतलंच कुणीतरी म्हणून ठेवतं. हा कच्चा आवाज. पाकोळीचा कच्चा आवाज मी देते. धाकटी येऊन पक्का आवाज देऊन गेली की कच्चा पुसायचा, आणि पुसायचं कामही माझंच. बावीस भाग मी स्वतःला पुसलं.

तेविसाव्या भागात पूल कोसळतो. पाकोळी तो खालून तोलून धरते, वरून माणसं पळतात. सगळ्यात शेवटी एक म्हातारा निघतो. हातात पक्ष्याचा पिंजरा, चाल अगदी सावकाश. पाकोळीचा चेहरा काळानिळा होत जातो. म्हातारा पलीकडे पोचतो आणि ती श्वास सोडते. चार सेकंद. संवाद काही नाही.

“एका झटक्यात दिला बघ तुझ्या बहिणीने,” आमचा संकलक म्हणाला. त्याला सगळे कात्री म्हणतात. “उपजतच आहे तिच्यात. की लहानपणी तू शिकवलंस?”

“श्वास घ्यायला? हो, मीच शिकवलं.”

तो हसला आणि चहाला गेला.

मी दोन्ही श्वास एकामागून एक ऐकले. तिचा, माझा, पुन्हा तिचा. तिच्या श्वासात दमलेली नायिका होती. माझ्या श्वासात पूल होता.

मग मी संगणकावरची निळी पट्टी पुसली, ते चार सेकंद तेवढे सोडून. हिरवीतले तेच चार सेकंद बंद केले. कुणी विचारलंच तर विसरले म्हणायचं. कच्चा तुकडा चुकून राहून जाणं आमच्याकडे अधूनमधून होतंच. कात्रीने परत येऊन पूल पाहिला. “कमाल आहे हं हिची,” म्हणाला. भाग पुढे गेला.

रविवारी आईकडे जमलो. सोफ्यावर धाकटी, तिला खेटून आई. मी खुर्चीवर. आईने पेन्सिल खुपसून आवाज वाढवला. म्हातारा निघाला, म्हातारा पोचला.

श्वास.

आईने डोळे पुसले. धाकटीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, “बाई गं, काळीज हललं माझं. आजवरचं सगळ्यात चांगलं काम हे तुझं.”

धाकटी पडद्याकडेच बघत होती. “तो माझा नाही, आई.”

“काय तुझा नाही?”

“श्वास. ताईचा आहे तो.”

मी खुर्चीच्या काठावर सरकले. या एका वाक्यासाठी मी आठ दिवस नीट झोपले नव्हते. आता आई माझ्याकडे वळेल, आणि ओळखेल.

आई वळली. “बघ, तुला किती मोठेपणा देते. लहानपणापासूनची खोड आहे तिची. आणि तू मख्खासारखी बसलीयस. बहिणीला चांगलं म्हणायला तोंड दुखतं तुझं?”

नऊपैकी मिटलेलं तोंड मी लावून ठेवलं.

गॅलरीत गेले तर मागून झाकणाचा आवाज आला. ती भांडेल असं वाटलं होतं. भांडली असती तर बरं झालं असतं.

“कात्रीला मी काही सांगणार नाही,” धाकटी म्हणाली. “पण उद्या एका शाळेत कार्यक्रम आहे. तीनशे पोरं. सगळी हाच श्वास मागणार. मला तसा येत नाही, ताई.”

“मग?”

“मग शिकव.”

“नाही शिकवला तर?”

“तर पोरं म्हणतील, ही खोटी पाकोळी आहे. तुला तेच हवं असेल तर तसं सांग.”

तेच हवं होतं. पण तिने बाटली खाली ठेवली आणि हात सरळ सोडून माझ्यापुढे उभी राहिली, शाळेत कविता म्हणायला उभी राहायची तशी.

“सोडू नकोस, निसटू दे,” मी म्हटलं. “आणि म्हाताऱ्याकडे बघायचं नाही. पिंजऱ्याकडे बघ.”

पहिला नुसताच उसासा झाला. दुसऱ्याला तिला ठसका लागला. तिसऱ्याला शेजारच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी बाई हातात चिमटा धरून थांबली.

माझ्यापेक्षा चांगला होता.

“पुन्हा तेच लागलंय का गं?” आतून आई म्हणाली.

पाकोळीच्या आवाजाची निवड झाली त्या दिवशी दाराबाहेर वीस खुर्च्या होत्या. धाकटीची बाटली धरून मी अठराव्या खुर्चीवर बसले होते. अर्ज माझ्याकडेही होता, आणि तो मी भरला नव्हता.